दोन ठिपक्यांचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे आणि मला वाजता येत नाही. हसू आलं असेल तर हसून घ्या, मी थांबतो. वेळ मात्र मी अजून नीट दाखवतो. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतो, पण माझ्या वयाला तेवढं चालायचंच. माझ्या डोक्यावर एके काळी पितळेच्या दोन घंट्या होत्या. त्यांच्या जागी आता नुसते दोन स्क्रू उभे आहेत. काचेवर तीनच्या आकड्याशी एक आणि नऊच्या आकड्याशी एक असे दोन लालसर डाग आहेत, ते कितीही पुसले तरी पुरते जात नाहीत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की याच्या गालांना हे काय लागलंय, आणि मग कोणीतरी ती हकिगत अर्धीमुर्धी सांगतं. आज मीच सांगतो. मी तिथे होतो.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. त्याचं नाव माझ्या पाठीवर होतं, ते झिजून गेलं. मला आठवतं ते बऱ्हाणपुरातल्या शनवारा भागातलं एक दुकान. तिथल्या काचेच्या कपाटात मी दीड वर्ष बसून काढलं. मग प्रभाकर नावाच्या गिरणीतल्या कारकुनाने मला विकत घेतलं आणि राजपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेलं. पहाटे उठायला घड्याळ हवं, असं त्याचं म्हणणं होतं. घरी गेल्यावर कळलं की गिरणीचा भोंगा माझ्या आधी पाच मिनिटं वाजतो आणि तो अख्ख्या गावाला उठवतो. त्या भोंग्याचा मला फार राग यायचा. दहा वर्षं मी उठलेल्या माणसांना उठवत राहिलो.

माझ्याकडे खरं लक्ष गेलं ते कोकिळाचं. कोकिळा म्हणजे प्रभाकरची बायको. ती शनवाऱ्याजवळच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची. घरात तिसरं माणूस म्हणजे प्रभाकरची आई, मालूबाई. तापीकाठच्या खेड्यात केळीच्या बागांत जन्म काढलेली ही बाई एकही अक्षर ओळखत नव्हती आणि घड्याळाकडे तर ढुंकून बघत नव्हती. तिचा वेळ उन्हावर चालायचा आणि बहुतेक वेळा तो माझ्याशी जुळायचा. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

१९५६ च्या नोव्हेंबरात नवीन मध्यप्रदेश झाला. आमचं बऱ्हाणपूर होतं तिथेच राहिलं, पण त्याचा कारभार नागपूरहून उठून भोपाळला गेला. थोड्याच दिवसांत कोकिळाच्या शाळेत एक कागद आला. मराठी शाळांतल्या शिक्षकांनी खात्याची हिंदी परीक्षा द्यावी. संधी दोन, वर्षाला एक. दोन्ही हुकल्या तर नोकरी संपली.

"अगं, हिंदी काय आपल्याला नवीन आहे का?" प्रभाकर म्हणाला. "बाजारात दिवसभर तेच तर चालू राहतं."

कोकिळा हसली नाही. "माझी ही नोकरी गेली तर मी काय करू हो? मला दुसरं काही येत नाही. आणि खरं सांगू, दुसरं काही आवडतही नाही."

ती बोलली ते अगदी खरं होतं. शाळेतून घरी आली की ती पोरांच्या नकला करून दाखवायची. रविवारी तिचा जीव घरात रमत नसे. नोकरी गेल्यावर या बाईचं काय होईल, हे घरातल्या कोणालाही सांगायची गरज नव्हती.

पहिल्या वर्षी तिने परीक्षेची तयारी केली ती माझ्या भरवशावर. रोज पहाटे चारला मी वाजायचो, ती ताडकन उठायची आणि व्याकरणाचं पुस्तक घेऊन डुलत बसायची. एकशे बारा वाक्प्रचार तिने तोंडपाठ केले. नियम, अपवाद, अपवादांचे अपवाद, सगळं घोकलं. लिहिलं मात्र एक ओळ नाही. ती किती तास बसते ते मी मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढे तास झाल्यावर ही बाई नापास होणं शक्य नाही. तासांवर माझा फार विश्वास होता. घड्याळच मी, दुसरं काय सुचणार?

एप्रिलात ती खंडव्याला जाऊन परीक्षा देऊन आली. चेहरा खुललेला होता. "निबंध इतका सोपा आला! चार पानं लिहिली मी," असं तिने सासूला सांगितलं.

जूनमध्ये कागद आला. त्यात लिहिलं होतं, 'असफल'. शंभरात चाळीस हवे होते, मिळाले एकतीस.

आता ती चार पानं काय होती ते ऐका. शाळेत जबलपूरकडून बदलून आलेले एक हेडमास्तर होते. त्यांनी विचारलं, बाईजी, निबंधात काय लिहिलंत? निबंधाचा विषय होता, 'विद्यालय में शिक्षक की चेष्टा'. कोकिळाने लिहिलं होतं की मुलं शिक्षकांची चेष्टा करतात, खडूचे तुकडे मारतात, पाठीमागे वेडावून दाखवतात, आणि हे थांबवायला आईबापांनी घरी काय केलं पाहिजे.

हेडमास्तर आधी पोट धरून हसले. मग त्यांना तिचा चेहरा दिसला. "बाईजी, चेष्टा याने कोशिश," ते हळूच म्हणाले. "शिक्षक कितनी मेहनत करता है, वो पूछा था."

हे सगळं मी त्या संध्याकाळी घरी ऐकलं. कोकिळा सांगत होती आणि रडत होती. प्रभाकर मान खाली घालून बसला होता, कारण बाजारातल्या हिंदीचा भरवसा त्यानेच दिला होता. बाजारातली हिंदी म्हणजे बोहऱ्यांच्या दुकानातली, विणकरांच्या मोहल्ल्यातली. तिथे कोशिश असते, दुनिया असते, तालीम असते. परीक्षेतली हिंदी निराळी. तिच्यातले शब्द अगदी आपल्या मराठीसारखे दिसतात, आणि आत भलताच माणूस निघतो. संसार म्हणजे जग. शिक्षा म्हणजे शिक्षण. प्रकृती म्हणजे झाडं, डोंगर, नद्या.

मालूबाई भाकरी थापत ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे जो शबूद येत नाही त्यानं तुले नाही पाडलं. जो येतो असं वाटलं, त्यानं पाडलं."

"हो आत्याबाई." कोकिळा सासूला आत्याबाई म्हणायची.

"मंग त्याह्यलेच धर ना. सोंगाडे हायेत मेले."

त्या दिवसापासून आमच्या घरात अशा शब्दांना सोंगाडे म्हणू लागले. कोकिळाने एक जुना हिंदी-मराठी शब्दकोश मिळवला, एक वही केली आणि सोंगाडे धरायला सुरुवात केली. वर्षभरात त्रेसष्ट सापडले.

पहाटे चारचं उठणं बंद झालं. मला वाईट वाटलं, पण माझं मत कोणी विचारलं नाही. आता शाळेतून आल्यावर चहा झाला की रोज एक तास, आणि त्या तासात लिहायचं. पुस्तक मिटलेलं, टाक हातात. शिवाय मालूबाईने एक अट घातली. आधी प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि तो आपल्या घरच्या बोलीत तिला सांगायचा.

"हा मानूस तुले काय इचारू राह्यला, ते मले सांग. मले समजलं तर लिह्य. मलेच समजलं नाही तर तू काय लिहू राह्यली वं?"

पहिल्या आठवड्यात कोकिळा तीनदा अडकली. प्रश्न येतो असं वाटायचं आणि सासूला सांगताना जीभ अडखळायची. त्या अडखळण्यातच सोंगाडा सापडायचा. परीक्षकही बघत नसेल इतक्या बारकाईने मालूबाई बघायची, आणि तिला त्यात मजा येऊ लागली होती. शेजारच्या विमलने भाजी निवडायला बोलावलं तर ही सांगायची, "आता नाही, आमचा पेपर चालू हाये."

दर रविवारी पुरा पेपर व्हायचा. पाच प्रश्न, तीन तास. कोकिळाने हिशेब मांडला तो असा. पहिली पंधरा मिनिटं टाक उचलायचा नाही, अख्खा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. मग दर प्रश्नाला अर्धा तास. प्रश्न संपला नाही तरी अर्ध्या तासाला सोडायचा, खाली जागा ठेवायची आणि पुढे जायचं. उरलेली पंधरा मिनिटं लिहिलेलं तपासायला. पण लिहिण्याच्या नादात तिला वेळेचं भान राहत नसे, आणि सासूला घड्याळ कळत नसे.

मालूबाईने उपाय काढला. तिने करंड्यातलं कुंकू डिंकात कालवलं आणि माझ्या काचेवर दोन ठिपके लावले, एक तीनच्या आकड्याशी आणि एक नऊच्या. ठोक्याला सुरुवात केली की पंधरा मिनिटांनी मोठा काटा तीनवर येतो, तिथून अर्ध्या तासाने नऊवर, पुन्हा अर्ध्या तासाने तीनवर. "मोठा काटा कुकवावर आला," ती ओरडायची, "सोड त्याले, पुढचं घे!"

मी नाक मुरडलं होतं. माझ्यासारख्या घड्याळाच्या तोंडाला कुंकू! पण त्याआधी माझ्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या आशेने कोणी बघितलं नव्हतं. मला ते आवडायला लागलं होतं.

एप्रिलात आम्ही खंडव्याला निघालो. 'आम्ही' म्हणतो, कारण कोकिळाने मला पिशवीत घेतलं होतं. वर्षभर ठिपक्यांवर लिहायची सवय झालेली, ती तिथे ऐनवेळी मोडायची नव्हती. गाडीत तिच्या शाळेतले चुडामण मास्तर भेटले. तेही गेल्या वर्षी पडले होते. "बाई, फिकर नका करू," ते म्हणाले. "पक्के आठ सवाल आणलेत मी. यातूनच येणार, लिहून घ्या." कोकिळाने कागद पाहिला, आभार मानले आणि परत दिला.

परीक्षेच्या खोलीत तिने मला बाकावर ठेवलं आणि देखरेखीला असलेले साहेब लगेच आले.

"ये क्या है? बीच में बजेगी तो?"

"नहीं साहब, घंटीकी चाबीच नहीं दी," कोकिळा घाबरून म्हणाली.

"मैं कैसे मानूँ? या तो घड़ी बाहर, या घंटी बाहर."

पेपर वाटायला तीन मिनिटं होती. कोकिळाने माझ्याकडे पाहिलं. मग बोटांनीच माझ्या डोक्यावरचे स्क्रू सैल केले, दोन्ही घंट्या काढल्या, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि स्क्रू परत जागच्या जागी पिळले. मला काही वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

अकराच्या ठोक्याला पेपर आला. निबंधाचा विषय होता, 'विवाह में उपहार की प्रथा'.

तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. उपहार! उपहार म्हणजे फराळ, चहापाणी, हे उपहारगृहाची पाटी वाचणारं शाळेतलं पोरही सांगेल. राजपुऱ्यातल्या लग्नांतले पोहे, शेव, चहा, वरपक्षाला पहिली ताटली आणि त्यावरून होणारी रुसारुशी, यावर तिने सहा पानं लिहिली असती. तिचा हात टाकाकडे गेला. टाक दौतीत बुडाला.

आणि तिथेच थांबला. मोठा काटा अजून तीनच्या ठिपक्याला पोचला नव्हता. टाक उचलायची वेळ झालेली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलू लागले. ती मनातल्या मनात सासूला प्रश्न सांगत होती. आत्याबाई, हा माणूस विचारतोय की लग्नात... आणि पुढे तिची जीभ अडली. हा शब्द तिच्या त्रेसष्टांत नव्हता. म्हणूनच तो खरा की सोंगाडा, हे तिला सांगता येईना.

तिने टाक खाली ठेवला. कपाळाला घाम आला होता, तो पदराने टिपला आणि ठरल्याप्रमाणे पेपर शेवटपर्यंत वाचायला घेतला. दुसरा प्रश्न वाचला, तिसरा वाचला. पाचव्या प्रश्नात एक उतारा होता. एका राजाला कवीची कविता आवडते. त्याच्या शेवटच्या ओळीत होतं, 'राजा ने प्रसन्न होकर कवि को एक घोड़ा उपहार में दिया.'

कोकिळाने ती ओळ दोनदा वाचली. घोडा कोणी फराळाला देत नाही. तिला हसू आलं, ते दाबताना तिने तोंडावर हात ठेवला, आणि साहेबांनी वळून पाहिलं. काटा तीनच्या ठिपक्यावर आला. तिने टाक उचलला आणि लग्नातल्या आहेराच्या, भेटवस्तूंच्या चालीवर निबंध लिहायला सुरुवात केली.

पेपर संपला तेव्हा गाडीला अर्धाच तास होता. ती धावली. माझ्या घंट्या त्या टेबलावरच राहिल्या.

परतीच्या गाडीत चुडामण मास्तर खुशीत होते. "आठांपैकी एकही नाही आला, पण निबंध काय सोपा! पोहे, शेव, दराब्याची मिठाई, सगळं घातलं मी. तुम्ही काय काय वाढलंत?"

"माझा निराळाच झाला हो," एवढंच कोकिळा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांचा आनंद आत्ता मोडून त्यांना काही मिळणार नव्हतं. पण बऱ्हाणपूर येईपर्यंत ती अस्वस्थ होती. मास्तर इतके खात्रीने बोलत होते की तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती. घरात शिरल्यावर तिने चप्पल न काढताच शब्दकोश उघडला. उपहार : भेट, नजराणा. चौसष्टावा सोंगाडा वहीत गेला. तरी पास होईन, असं तिने एकदाही म्हटलं नाही. गेल्या वर्षी म्हणून झालं होतं.

चुडामण मास्तरांचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगतो. ते पडले. पुष्कळ अर्ज केल्यावर त्यांना आणखी एक संधी मिळाली. ते वर्षभर आमच्याकडे येऊन माझ्या ठिपक्यांवर पेपर लिहायचे आणि मालूबाई त्यांना कोकिळापेक्षा जास्त रागवायची. तिसऱ्या खेपेला ते सुटले. त्यानंतर माझं काम संपलं. न वाजणारं गजराचं घड्याळ कोणाला हवं? प्रभाकरने मला कपाटावर लोणच्याच्या बरणीमागे सारलं. कित्येक दिवस कोणी चावी देत नसे. पुन्हा खाली आलो ते कोकिळाने शाळेच्या चाचणीसाठी मला मागितलं तेव्हा. पण ते फार नंतरचं.

निकालाचा दिवस सांगायचा राहिला. जूनची दुपार होती. पोस्टमनने पाकीट दिलं. कोकिळा ते उघडेना. शेवटी प्रभाकरने फोडलं आणि मोठ्याने वाचलं, "'आप विभागीय हिन्दी परीक्षा में उत्तीर्ण हुई हैं.'" आणि तो नाचायलाच लागला.

"थांब रे," मालूबाई म्हणाली. "उत्तीर्ण म्हंजे आपलाच शबूद, का हाबी सोंगाड्या?"

"आई, उत्तीर्ण म्हणजे पास गं!"

"आपल्याकडं. त्याह्यच्याकडं काय म्हंतात?"

प्रभाकर नाचायचा थांबला. गेल्या वर्षीच्या कागदात हा शब्द नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलं. कोकिळाला अर्थ ठाऊक असणार, मला शंका नाही. तरी ती उठली. फळीवरचा शब्दकोश काढला, जमिनीवर बसली आणि 'उ' काढून एकेका शब्दावरून बोट खाली नेऊ लागली. उतार. उतावला. उत्तम. उत्तर. मालूबाई तिच्या खांद्यावरून त्या पानाकडे अशी बघत होती की जणू तिलाही वाचता येत असावं. अखेर बोट थांबलं. 'उत्तीर्ण : परीक्षेत यशस्वी झालेला.'

"तोच हाये ना?" मालूबाईने विचारलं.

"तोच आहे आत्याबाई," कोकिळा म्हणाली आणि सासूच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली.

मित्रांनो, चांगली बातमी दारात येऊन आमच्या घरात आनंद व्हायला साडेचार मिनिटं लागली. मी मोजली आहेत. मला रोज एक चावी द्या, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, आणि तुमचा पेपर हातात आला की ओळखीच्या शब्दाला तेवढी साडेचार मिनिटं द्या. ती वाया गेलेली मी अजून पाहिलेली नाहीत.